शीर्षकाचं शेपूट

कॉलेजच्या फाटकावर माझा फ्लेक्स लावला होता, आणि माझ्या प्रबंधाला रात्रीतून शेपूट फुटलं होतं. वर माझा फोटो, ओळखपत्रावरून उचललेला, आडवा ताणून गाल रुंद केलेला. खाली तारीख, वेळ, पीएच.डी. पूर्व-सादरीकरण, संशोधक करुणा सांडू हिवराळे, मार्गदर्शक म्हणून सर्जेराव सरांचं नाव. त्याखाली लाल अक्षरांत शीर्षक : 'नाव आणि वस्तू : सतराव्या शतकातल्या युरोपीय तत्त्वज्ञानातला भाषाविचार'. इथपर्यंत माझं. यातला एकेक शब्द मी सहा वर्षं चावून चावून ठेवलेला. मग एक आडवी रेघ, आणि रेघेपुढं, जागा पुरली नाही म्हणून जरा बारीक : 'एक दलित दृष्टिकोन'. मी स्कूटी स्टँडला लावली नाही. दोन्ही पाय जमिनीला टेकवून तशीच बसून राहिले. गारखेड्याच्या चौकातून आलेल्या रिक्षावाल्यानं मागून हॉर्न दिला. 'मॅडम, साइड हो जाओ, खुद का फोटू घर जाके देख लेना,' म्हणाला आणि हसत गेला. लोकांचा राग डोक्यात जातो. माझा कानात जातो. कानाच्या पाळ्या तापतात, आतून शिट्टी वाजल्यासारखं होतं, आणि मग बाहेरचं काही ऐकू येत नाही. लहानपणी माय म्हणायची, हिचे कान लाल झाले की हिच्यापुढून भांडी उचला.

हा विषय मला कुणी दिलेला नाही. आम्ही छावणीत राहायचो. आबा, म्हणजे माझे वडील, तिथं पाट्या रंगवायचे. मिलिटरीचे बंगले तेच राहतात, साहेब बदलतात. साहेबाची बदली झाली की आबा सागाच्या फळीवरचं जुनं नाव पत्तीनं खरवडायचे, पांढरा हात मारायचे, सुकला की खडूनं फिकट आखून नवं नाव काढायचे. मी शाळेतून आले की त्यांच्याजवळ उकिडवी बसायची. पत्ती फिरली की कर्नलाच्या खालून मेजर निघायचा, मेजराच्या खालून दुसराच कुणी, आणि एकदा तर अगदी तळाला एका गोऱ्याच्या नावाची दोन अक्षरं निघाली. मी विचारलं, 'आबा, बंगला कुणाचा मग?' 'ज्याची पाटी त्याचा.' 'आणि आत्ता? आत्ता तर पाटीवर काहीच नाही.' 'आत्ता तुझ्या मायचा. सरक, सावली पडू राहिली.' मला त्या खरवडलेल्या कोऱ्या फळीची भीती वाटायची आणि तिच्यावरून नजरही हटायची नाही. बंगला समोर उभा, दारं-खिडक्या, कौलं, बाग, सगळं जागच्या जागी, आणि नाव नाही. पुढं एम.ए.ला आल्यावर कळलं की सतराव्या शतकात तिकडं काही माणसं नेमकं यावरच एकमेकांच्या उरावर बसली होती. नाव वस्तूला चिकटलेलं असतं, की वस्तू पाहून आपल्या डोक्यात जी कल्पना तयार होते तिला? वस्तूचं असं आत काही असतं का, ज्यामुळं ती ती असते? असेल, त्यांतल्या एका बाजूचे लोक म्हणायचे, पण ते आपल्याला कधी दिसत नाही. आपण काय करतो, तर वरवरच्या चार खुणांची मोळी बांधतो, तिला नाव देतो, आणि मग बोंबलत सुटतो की हेच तिचं अस्सल रूप. मी हे वाचलं तेव्हा ग्रंथालयात पंखा बंद होता, जून होता, घाम पानावर पडत होता, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याशी कुणीतरी सरळ बोलतंय.

आणखी एक सांगते, यात लपवण्यासारखं काही नाही. त्या शतकात मला बरं वाटायचं. तिथं माझं आडनाव कुणाला कळत नव्हतं. पुंडलिकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत, पत्र्याखाली, मी मोबाइलवर लॅटिन शिकले. शब्दांची रूपं पाठ करताना माय आतून म्हणायची, 'कुणाला शिव्या देऊ राहिली?' तिथल्या माणसांना मी गावले नव्हते, म्हणून मी त्यांना गाठू शकत होते. ती माणसं साधू नव्हती. नावं माणसानं केलेली असतात असं लिहिणाऱ्यांतल्या एकाचा पैसा गुलामांच्या व्यापारात अडकलेला होता. माणसांना जिन्नस म्हणून जहाजात भरत होते आणि हा इकडं जिन्नस म्हणजे काय त्यावर लिहीत होता. ते मी पाचव्या प्रकरणात पुराव्यासकट मांडलंय. ते मांडायला दलित असावं लागत नाही. वाचता यावं लागतं.

सर्जेराव सर वाईट माणूस असते तर माझं काम सोपं झालं असतं. वाईट माणसाच्या टेबलावर हात आपटता येतो. सरांनी मला स्वतःच्या कपाटातली पुस्तकं दिली, तीही परत न मागता. माझं पहिलं प्रकरण त्यांनी लाल पेनानं नाही, पेन्सिलीनं तपासलं. त्यांच्या घरी त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, मला थालीपीठ वाढलं, लोणी वर, आणि पुन्हा वाढलं. त्यांच्या घरी कप वेगळा नव्हता. मुद्दाम सांगते, कारण वाचणारा वाट बघत असेल. कप वेगळा नव्हता. शीर्षक वेगळं निघालं.

मी केबिनमध्ये गेले तेव्हा सर शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडून चहा पीत होते. 'ये ये. पाहिलास फ्लेक्स? फोटो जरा रुंद आलाय, पण लांबून वाचता येतंय.' मी उभीच राहिले. 'सर, ते शेवटचं कुणी लिहिलं?' 'मी. एप्रिलच्या समितीत दुरुस्ती टाकली आणि मंजूर करून घेतली. तुला आज सांगणार होतो.' त्यांच्या चेहऱ्यावर वाढदिवसाला कुणासाठी काही आणलेल्या माणसाचा आनंद होता. तोच मला सहन झाला नाही. 'प्रबंधात तो शब्द नाही सर. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकदाही नाही.' 'शब्द नाही, पण दृष्टी आहे ना. बस, बस आधी. व्यवहारानं बघ बाई. सतराव्या शतकातला भाषाविचार. तिकडच्या हजार लोकांनी लिहून ठेवलंय. जुलैत कायम पदाची जाहिरात येतेय, इतक्या वर्षांनी. पॅनेल विचारणार, यात तुमचं काय? तेव्हा हे आहे तुझ्याकडं, जे त्या हजारांकडं नाही.' मी म्हटलं, 'माझं तिसरं प्रकरण आहे. ते त्या हजारांकडं नाही.' सर हसले, मायेनं हसले. 'ते कोण वाचणार?'

मग ते म्हणाले, 'आणि तूच तर वाट दाखवलीस. तू द्रव्य नाही लिहिलंस, ऐवज लिहिलंस. मायच्या तोंडची बोली तत्त्वज्ञानात आणलीस. मी प्रस्तावनेत तेच म्हटलंय, वंचितांच्या भाषेचा विद्रोह.' माझ्या कानात शिट्टी सुरू झाली. त्या एका शब्दासाठी मी एक अख्खा उन्हाळा घातला होता. सतराव्या शतकातले ते लोक म्हणायचे, रंग, वास, वजन, आकार हे सगळे गुण कशाच्या तरी आधारानं असतात, आणि तो आधार काय ते कुणालाच सांगता येत नाही. गुण काढत काढत गेलं की खाली काहीतरी असणार, पण काय, ते विचारू नका. सरकारी परिभाषेत त्याला द्रव्य. द्रव्य म्हटलं की आमच्या पोरांच्या डोळ्यांपुढं बाटलीतलं काहीतरी येतं. माय मात्र पदराच्या गाठीला हात लावून म्हणते, 'ऐवज हाय.' काय आहे ते दाखवत नाही. वजन आहे, आहे हे नक्की, आत काय ते माहीत नाही. त्या लोकांना जे म्हणायचं होतं ते चपखल हेच, म्हणून मी तो शब्द घेतला. बरोबर होता म्हणून घेतला. निजामाच्या कचेऱ्यांतून आलेला शब्द, तो इथं पाटील वापरतो, मौलवी वापरतो, सराफ वापरतो, सर, तुमच्या आईही वापरत असतील. पण मी वापरला की तो विद्रोह. मी बरोबर असू शकत नाही. मी फक्त वंचित असू शकते.

हे मी बोलले नाही. बोलले ते दुसरंच. 'सर, तुमच्या प्रबंधाला शेपूट का नव्हतं?' 'म्हणजे?' 'तुम्ही अवकाशाच्या कल्पनेवर लिहिलंत. तुमचं लहानपण वावरात गेलं. बांधावरून भावकीची भांडणं पाहिलीत, मोजणीची साखळी पाहिलीत. अवकाश : एक मराठा दृष्टिकोन, असं का नव्हतं?' सर मोकळेपणानं हसले. चांगला विनोद त्यांना कळतो. 'मला कुणी विचारलंच नाही.' 'मलाही कुणी विचारलं नाही सर.' त्यांचा कप बशीवर टेकला. हसू जायला थोडा वेळ लागला. ते गेलं आणि त्या जागी काळजी आली, खरी काळजी, बाप पोरीकडं बघतो तशी. हळू आवाजात म्हणाले, 'करुणा, तुला त्या शब्दाची लाज वाटते का?'

लाज. याच शहरात त्या शब्दानं माणसांनी बंद दारं फोडली. आम्हाला कोण म्हणायचं ते आम्ही ठरवू, म्हणून तो शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडानं उचलला आणि निशाणासारखा धरला. तो उचललेला होता तोवर तो हात होता. सरांनी तो माझ्या पाठीला चिकटवला, आता तो कप्पा झाला. शब्द तोच. तोंड बदललं की कल्पना बदलते, हे माझ्या दुसऱ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य आहे, आणि ते पेन्सिलीनं तपासणारा माणूस समोर बसून मला विचारत होता, लाज वाटते का. मी हो म्हटलं तर मी फितूर. नाही म्हटलं तर मग हरकत कशाची. असा प्रश्न वाईट माणसाला सुचत नाही. त्यासाठी फार चांगलं असावं लागतं. मी विचारलं, 'मूळ शीर्षक परत येईल का?' सरांनी कॅलेंडरकडं पाहिलं. 'पुढची समिती ऑगस्टमध्ये. तुझी नोंदणी या जूनअखेर संपते. संपली की नवी प्रवेश परीक्षा, नवी नोंदणी, सगळं पहिल्यापासून. आणि जुलैतलं पद गेलं ते गेलंच. आज नुसतं उभी राहा, बोल, संपव. नंतर पुस्तक काढशील तेव्हा हवं ते नाव दे.' नंतर. माझ्या आजीला पण म्हणाले असतील, आज एवढं उचल, नंतर बघू.

बाहेर आले तर व्हरांड्याच्या खिडकीतून फाटक दिसत होतं आणि फाटकाशी आबा उभे होते. मीच बोलावलं होतं. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, हातात पेढ्यांची पिशवी. फ्लेक्सखाली मान वर करून उभे. आबांचा फ्लेक्सवर जुना राग आहे. फ्लेक्स आला आणि आबांचा ब्रश गेला. छावणीतही एकेका बंगल्यानं चकचकीत प्लास्टिकच्या पाट्या लावल्या. अधूनमधून काम निघतं. शहराचं नाव बदललं तेव्हा एका सोसायटीनं जुनं नाव झाकून नवं काढायला त्यांना बोलावलं होतं. घरी येऊन एवढंच म्हणाले, 'नवं नाव लांब हाय, अक्षरं दाबून बसवावी लागली.' आत्ताही ते मजकूर वाचत नव्हते, अक्षरं बघत होते. दोन ओळींमधलं अंतर वितीनं मोजल्यासारखं हवेत मोजलं, तोंड वाकडं केलं. मग फोटोकडं पाहिलं आणि तोंड सरळ झालं. मग, बहुतेक तेव्हाच, त्यांनी मजकूर वाचला. ते तिथून बराच वेळ हलले नाहीत.

हॉलमध्ये तीसेक माणसं होती. टेबलामागं प्राचार्य, सर्जेराव सर, आणि मध्ये पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ संध्या मॅडम, ज्यांच्या एका होकारावर सगळं होतं. हातमागाची साडी, मऊ आवाज, समोर माझा प्रबंध, त्यात पिवळ्या चिठ्ठ्या खोवलेल्या. त्या चिठ्ठ्या पाहून माझं मन क्षणभर निवलं. या बाईनं वाचलंय. माझं तिसरं प्रकरण कुणीतरी वाचलंय. आबा शेवटच्या रांगेत, पिशवी मांडीवर. रीत अशी की संशोधकानं आधी पूर्ण शीर्षक वाचायचं. मी वाचलं. 'भाषाविचार'पाशी थांबले. पान उलटलं. 'शीर्षक अपुरं वाचलंत,' संध्या मॅडम हसून म्हणाल्या. 'पुरं वाचलं मॅडम.' 'इथं पुढं आहे.' 'पुढचं माझं नाही. ज्यांचं आहे त्यांनी वाचावं.' मी सरांकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मला थालीपीठ आठवलं असतं.

पुढं जे झालं ते सगळं सौम्य आवाजात झालं. प्राचार्य म्हणाले, 'बाई, ताणू नका, पेढे थांबलेत.' दोघंतिघं हसले. सरांनी नियम सांगितला : मंजूर झालेली चौकट आज मोडता येत नाही, चौकटीतला एखादा शब्द मात्र इथंच दुरुस्त होतो. संध्या मॅडम म्हणाल्या, 'खरं सांगू, मला हे शीर्षक पाहूनच यावंसं वाटलं. नाहीतर या विषयावर आपल्याकडं...' आणि वाक्य तिथं सोडलं. त्या पिवळ्या चिठ्ठ्या मी आता नीट बघितल्या. सगळ्या सरांच्या प्रस्तावनेत होत्या. तिसऱ्या प्रकरणाच्या पानांच्या कडा कोऱ्या, दुकानातून आणल्यासारख्या. इतक्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

'जयभीम साहेब. मी हिचा बाप.' आबा उभे होते, हात जोडलेले नव्हते, पिशवी दोन्ही हातांत धरलेली. 'मला तुमचं शिक्षान कळत नाय. पण त्या शेवटल्या शब्दावर आमचीबी हरकत हाय. आमी दलित नाय. आमी बौद्ध. माझ्या बापानं छप्पन सालीच नाव बदललं, तवापासून आमच्या घरात तो शब्द नाय. पोरीचं बरोबर हाय. तेवढा काढा.' मला रडू येईल असं वाटलं. ते येण्याआधीच आबा पुढं बोलले. 'तिथं बौद्ध लिव्हा. जागाबी पुरती, मी पाह्यलं. एक अक्षर कमीच लागतं.'

हॉलमध्ये वारा यावा तसं झालं. संध्या मॅडम खुर्चीत पुढं सरकल्या. 'एक बौद्ध दृष्टिकोन. अहो, हे तर फारच सुंदर. शब्दार्थाची बौद्ध मीमांसा आहेच आपल्याकडं, तुलनेची एक बाजूच उघडते.' सर म्हणाले, 'चौकट तीच राहते, शब्दच बदलतो. आज होईल.' त्यांच्या आवाजात सुटका होती. प्राचार्यांनी पेनचं टोपण काढलं. सगळे खूश. ज्यांना माझं म्हणणं कळलं नव्हतं ते खूश, आणि ज्यांना ते मुळात ऐकायचंच नव्हतं ते तर फारच. सगळे माझ्याकडं बघत होते, पण मी फक्त आबांकडं बघत होते. छावणीत पाटी पुरी झाली की आबा दोन पावलं मागं जायचे, ब्रश कानावर ठेवायचे आणि साहेब बाहेर येईपर्यंत तसेच उभे राहायचे. साहेबानं मान हलवली की त्यांच्या खांद्यांचा ताण उतरायचा. आत्ता ते तसे उभे होते. साहेब मी होते. सगळं आयुष्य इतरांची नावं नीट काढून दिलेल्या माणसानं पहिल्यांदा स्वतःजवळचं सगळ्यात मोठं नाव काढून मला दिलं होतं, भर सभेत, अक्षरं मोजून. मान हलवायची होती. तेवढीच.

मी बौद्ध आहे. हे मला कुणी चिकटवलेलं नाही. आजोबांनी स्वतःच्या तोंडानं घेतलं, आबांनी, मग मी, उभं राहून, हात जोडून. तीनशे वर्षांपूर्वीची ती मंडळी नावं माणसं करतात म्हणून पानंच्या पानं लिहीत बसली. आमच्या लोकांनी ते एका दिवसात मैदानात करून दाखवलं. तेच नाव आता हे लोक शेपूट म्हणून वापरणार. दलित बसत नाही? मग बौद्ध घ्या. तेही टोचतंय? मग स्त्री घ्या, ग्रामीण घ्या, मराठवाडी घ्या. काहीतरी घ्या पण बाई, नुसत्या उभ्या राहू नका. नुसतं उभं राहायची मुभा फक्त त्यांना आहे ज्यांना कुणी विचारत नाही.

'नाही,' मी म्हटलं. माइकमुळं ते फार मोठ्यानं ऐकू आलं.

कुणी काही बोलायच्या आत आबांनी विचारलं. त्यांना माइक नव्हता. 'बौद्धबी नको?' त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मी त्याला पुरून उरले असते. मी म्हटलं, 'आबा, मी बौद्ध आहे. हे पुस्तक नाही. पुस्तक फक्त बरोबर आहे का चूक आहे, एवढंच बघा म्हणते मी यांना.' माझं बोलणं मला स्वच्छ वाटलं आणि ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, हेही मला स्वच्छ दिसलं. आबांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. पिशवी खुर्चीवर ठेवली आणि रांगेतल्या माणसांचे गुडघे ओलांडत, प्रत्येकाला 'सरका जरा' म्हणत बाहेर गेले. प्राचार्य मला ऐकू येईल एवढ्या हळू म्हणाले, 'बापाचंसुद्धा ऐकत नाहीत.' सर खाली बघत होते. त्यांनी एकदाच वर पाहिलं आणि म्हणाले, 'तू आम्हाला तुझ्यासाठी काही करूच देत नाहीस.' त्यांना खरंच दुखलं होतं. दुखू दे, मी मनात म्हटलं, मलमपट्टी माझ्याकडं नाही.

प्राचार्यांनी नोंद लिहिली : संशोधकाला शीर्षक अमान्य, सादरीकरण ग्राह्य धरता येत नाही. म्हणजे झालं. नोंदणी गेली, पद गेलं. 'तुम्ही बसू शकता,' संध्या मॅडम म्हणाल्या. मी बसले नाही. मी पहिलं प्रकरण सुरू केलं. लोक उठले, काही थांबले, पेढ्यांची पिशवी कुणीतरी उघडली, तिचा कागद वाजत राहिला. मी बोलत होते. नाव वस्तूपर्यंत पोचत नाही. ते बोलणाऱ्याच्या डोक्यातल्या मोळीपर्यंत पोचतं. मोळी बांधणाऱ्याचे हात तपासल्याशिवाय नाव मान्य करू नका. तिसऱ्या प्रकरणाशी आले तेव्हा समोर एम.ए.च्या दोन मुली उरल्या होत्या, आणि संध्या मॅडम. मॅडमनी प्रबंध उघडला आणि तिसऱ्या प्रकरणाची पानं एकमेकांना चिकटलेली होती ती बोटानं सोडवू लागल्या. मी त्यांच्यासाठी थांबले नाही.

फाटकावरून निघताना मी फ्लेक्सकडं बघितलं नाही. पुंडलिकनगरच्या गल्लीत शिरले तर दारात माय बसलेली, पदर तोंडाला. 'काय गं करून आली?' म्हणाली. 'आल्यापासून बोलत नाय ते. माळ्यावरचं काढून बसलेत.' माळ्यावर काय आहे ते मला ठाऊक होतं, मला ठाऊक नाही असं दोघं समजत होते. मी नोंदणी केली त्याच आठवड्यात आबांनी छावणीतून एक जुनी सागाची फळी आणली होती, बंगल्यांनी टाकून दिलेल्यांतली. ती खरवडली, पांढरी केली आणि तिच्यावर, आयुष्यात काढलं नसेल इतकं घोटून, अक्षरांच्या कडांना सावली देऊन, काळ्या रंगात लिहिलं : डॉ. करुणा सांडू हिवराळे. मग वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली, आजच्या दिवसाची वाट बघत. माय दर दिवाळीला वरून फडकं मारायची आणि मला म्हणायची, कोळ्याची जाळी काढू राहिले.

फळी दाराशेजारी खिळ्याला लागली होती. आबा माझ्याकडं पाठ करून उभे. इस्त्रीच्या शर्टावर पांढरे शिंतोडे. त्यांनी 'डॉ.'वर पांढरा हात मारला होता, रागानं मारला होता, ब्रशाचे फरकाटे दिसत होते, एक ओघळ खाली 'क'पर्यंत येऊन थांबला होता. बाकी नाव जसंच्या तसं. पुढं काही नाही, मागं काही नाही. आबांनी पांढऱ्यावर पांढरं मारलं होतं, तरी ओल्या रंगाखालून ते काळं अक्षर करडं होऊन वर येत होतं. माझ्या कानातली शिट्टी थांबली नव्हती, पण तिच्यातून गल्लीतले आवाज हळूहळू ऐकू यायला लागले होते. मी स्कूटी बंद केली. आबा दोन पावलं मागं आले, माझ्या बरोबरीला, ब्रश कानावर ठेवला, आणि माझ्याकडं न बघता, पाटीकडं बघत म्हणाले, 'एका हातात झाकत नाय. सुकू दे. मग दुसरा मारतो.'